दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ चाचणी: तरुणांसाठी वापरताना काय सापडतं आणि काय निसटतं

विशीतल्या मुलामुलींचं पिणं हाताबाहेर चाललंय का हे ओळखायला जी साधनं फुकट मिळतात, त्यांत जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही चाचणी मला सगळ्यात भरवशाची वाटते. मी आधी कॅज्युअल्टीत परिचारिका होते. आता महाविद्यालयाच्या आरोग्य केंद्रात समुपदेशन करते आणि हा कागद माझ्या टेबलावर कायम असतो. चाचणी चांगलीच आहे. पण शेवटी जी बेरीज येते तेवढीच वाचून कागद फाइलला लावला, तर तरुणांच्या बाबतीत ती आपल्याला खोटा दिलासा देऊ शकते. माझी मुख्य तक्रार तीच आहे, आणि त्यावर उपायही याच कागदात सापडतो.

आधी थोडी ओळख. पूर्ण नाव ‘अल्कोहोल यूज डिसऑर्डर्स आयडेंटिफिकेशन टेस्ट’. १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलिया, बल्गेरिया, केनिया, मेक्सिको, नॉर्वे आणि अमेरिका या सहा देशांतल्या प्राथमिक आरोग्य सेवेत आलेल्या रुग्णांच्या अभ्यासातून ती तयार झाली. १९८९ मध्ये पहिली पुस्तिका आली, १९९३ मध्ये जॉन सॉन्डर्स आणि सहकाऱ्यांचा मूळ शोधनिबंध, आणि २००१ मध्ये पुस्तिकेची दुसरी आवृत्ती. मी तीच वापरते. पहिले तीन प्रश्न किती आणि कितीदा पिता याबद्दल, पुढचे तीन दारूवर अवलंबून राहण्याबद्दल, शेवटचे चार झालेल्या नुकसानीबद्दल. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ४०. आठ किंवा त्याहून जास्त गुण आले की धोका धरायचा. स्त्रियांसाठी पुस्तिका सात धरायला सुचवते. १६ ते १९ मध्ये समुपदेशन आणि पाठपुरावा, २० पासून पुढे तज्ज्ञाकडे सविस्तर तपासणी. भरायला दोन-तीन मिनिटं लागतात.

हिचं मोल कळायला आधीच्या चाचण्या आठवाव्या लागतात. ‘केज’ नावाची चार प्रश्नांची चाचणी दवाखान्यांत फार वापरली गेली: कमी करावंसं वाटलं का, कुणी टोकलं तर राग आला का, अपराधी वाटलं का, सकाळी उठल्या उठल्या प्यावी लागली का. चाळिशीतल्या, वर्षानुवर्षं पिणाऱ्या माणसाला हे प्रश्न बरोबर लागतात. एकवीस वर्षांचा मुलगा मात्र चारही प्रश्नांना ‘नाही’ म्हणेल, आणि खरं बोलत असेल. सकाळचा उतारा त्याच्या आयुष्यात अजून आलेलाच नाही. तो आठवड्यात सहा दिवस पीत नाही आणि सातव्या दिवशी शुद्ध हरपेपर्यंत पितो. ‘केज’ प्रमाण विचारतच नाही, म्हणून तो तिच्या हाती लागत नाही. ऑडिटचा पहिला प्रश्नच ‘किती वेळा’, दुसरा ‘एका वेळी किती’ आणि तिसरा ‘एका बैठकीत सहा किंवा जास्त ड्रिंक्स कितीदा’. तरुणांचं पिणं ज्या जागी धोक्याचं होतं, ती जागा हा तिसरा प्रश्न पकडतो.

दुसरा गुण तिच्या भाषेत आहे. ‘तू व्यसनी आहेस का’ असं ती कुठेच विचारत नाही. माझ्याकडे येणारी मुलं बहुतेक वेळा स्वतःहून येत नाहीत. रेक्टरांनी पाठवलेलं असतं, कुणाच्या आईने फोन केलेला असतो, परीक्षेला गैरहजर राहिल्याचं पत्र असतं. खुर्चीत बसतात तीच हाताची घडी घालून. मी कागद आणि पेन पुढे सरकवते, सांगते की यावर नाव लिहायचं नाही, आणि त्यांना स्वतःच भरू देते. समोरून एकेक प्रश्न विचारला की उत्तरं गुळगुळीत येतात, कागदावर बऱ्याच अंशी खरी येतात. हा फरक मी इतकी वर्षं बघते आहे की आता तोंडी घ्यायचं मी जवळजवळ सोडूनच दिलं आहे.

आता अडचणी. पहिली आणि सगळ्यांत त्रासदायक अडचण ‘एक ड्रिंक’ म्हणजे किती, ही. संघटनेच्या हिशेबात एक ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. अमेरिकेत तेच १४ ग्रॅम धरतात, ब्रिटनमधलं एक युनिट ८ ग्रॅमचं. मुलांच्या हिशेबात एक ड्रिंक म्हणजे हातातला एक ग्लास, तो कितीही मोठा असो. म्हणून मी कागदाच्या पाठीमागे गणित करून दाखवते: मिलिलिटर गुणिले टक्के भागिले शंभर, गुणिले ०.७८९. पाच टक्क्यांची ३३० मिली बिअर झाली १३ ग्रॅम, म्हणजे एकाहून थोडी जास्त. आठ टक्क्यांचा ५०० मिलीचा कॅन झाला साडेएकतीस ग्रॅम, म्हणजे तीन ड्रिंक्सच्या वर. ४० टक्क्यांची ६० मिली व्हिस्की झाली जवळपास १९ ग्रॅम, म्हणजे दोन. ‘मी दोनच बिअर पितो’ म्हणणारा मुलगा स्ट्राँगचे दोन कॅन पीत असेल, तर तो प्रत्येक वेळी तिसऱ्या प्रश्नातली सहाची रेघ ओलांडतो. हे गणित न करता भरलेल्या कागदावर माझा विश्वास नाही. प्रश्नावलीसोबत आपल्याकडच्या बाटल्यांचं आणि ग्लासांचं चित्र जोडावं असं पुस्तिकेतही सुचवलेलं आहे, पण मला बाहेरून भरून आलेले बहुतेक कागद चित्राशिवायचेच असतात.

दुसरी अडचण बेरजेची. एक नमुना घ्या. मुलगा, वय वीस. महिन्याला एकदा किंवा त्याहूनही कमी पितो: एक गुण. पण प्यायला बसला की दहाच्या वर ड्रिंक्स: चार गुण. सहाच्या वरच्या बैठका महिन्यातून एकदाहून कमी: एक गुण. रात्रीचं काही आठवलं नाही असं वर्षभरात कधीतरी झालं: एक गुण. बाकी सगळं शून्य. बेरीज सात. पुस्तिकेच्या तक्त्यात हा मुलगा सगळ्यात खालच्या, कमी धोक्याच्या पट्ट्यात बसतो, आणि त्याला माहितीपत्रक देऊन पाठवलं तर नियमाप्रमाणे काहीच चुकलं नाही. पण त्या प्रत्येक रात्री तो मरू शकतो. कॅज्युअल्टीत मी ज्या तरुणांना पाहिलं त्यांतले कितीतरी रोज पिणारे नव्हतेच. जिन्यावरून पडलेले, गाडीवरून आलेले, पाण्यात उतरलेले, उलटी श्वासनलिकेत गेलेले. यकृत खराब व्हायला वर्षं लागतात, अपघाताला एक रात्र पुरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०१९ मध्ये दारूमुळे जगभरात सुमारे २६ लाख मृत्यू झाले, आणि अशा मृत्यूंचं प्रमाण २० ते ३९ या वयोगटात सर्वाधिक, १३ टक्के होतं.

यातलं एक सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, जरी ते चाचणीत नाही. ‘झोपू दे त्याला, सकाळपर्यंत उतरेल’ हे वाक्य धोकादायक आहे. माणूस आडवा झाला तरी पोटातली दारू रक्तात जातच राहते, म्हणजे निजल्यानंतरही रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. यकृत तासाला साधारण एका ड्रिंकएवढीच दारू निकालात काढतं. कॉफी, लिंबू, गार पाण्याची अंघोळ, कशानेही तो वेग वाढत नाही. हाक मारून, चिमटा काढूनही जागा होत नसेल, श्वास मिनिटाला आठहून कमी असेल किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त खंड पडत असेल, अंग गार आणि ओठ निळसर दिसत असतील, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. ती येईपर्यंत कुशीवर वळवून ठेवा आणि एकटं सोडू नका. घरी कळेल, वसतिगृहातून काढतील, या भीतीने फोन लांबवू नका.

आता बेरीज सोडून कागद कसा वाचायचा ते. तरुणांच्या बाबतीत मी आधी थेट आठव्या प्रश्नावर जाते: गेल्या वर्षभरात, प्यायल्यामुळे आदल्या रात्रीचं आठवलं नाही असं किती वेळा झालं? मुलं यावर हसतात. ‘मॅडम, मी फुल आउट होतो त्या दिवशी’ हे कौतुकाने सांगतात. मी त्यांना समजावते की ब्लॅकआउट आणि बेशुद्धी वेगळी. ब्लॅकआउटमधला माणूस जागा असतो, बोलतो, चालतो, मेसेज पाठवतो, गाडीसुद्धा चालवतो. फक्त मेंदूतला हिप्पोकॅम्पस नवी आठवण साठवायचं थांबवतो. ती रात्र विसरलेली नसते, ती नोंदवलीच गेलेली नसते, म्हणून कितीही आठवण करून दिली तरी परत येत नाही. रक्तातलं प्रमाण ०.१६ टक्क्यांच्या आसपास गेलं की हे सुरू होण्याचा संभव वाढतो, आणि प्रमाण किती झटकन चढलं यालाही फार महत्त्व असतं. रिकाम्या पोटी, शॉट्समागून शॉट्स, बाहेर पडण्याआधीच खोलीवर घाईघाईने घेतलेली, अशी दारू हे घडवून आणते. मुलींमध्ये तेवढ्याच दारूने प्रमाण जास्त चढतं, कारण शरीरातल्या पाण्याचा वाटा कमी असतो. आणि आसपासच्या कुणालाच कळत नाही की समोरची व्यक्ती या क्षणी काहीही साठवत नाहीये. एका मुलीने मला विचारलं होतं, ‘ताई, मग मी हो म्हटलं की नाही हे मला कसं कळणार?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. चाचणीत या उत्तराला एक किंवा दोन गुण मिळतात. माझ्या लेखी तिथे एकही गुण पडला तर बेरीज बघायची गरज उरत नाही, बोलणं सुरू करायचं.

नववा प्रश्न इजेचा: तुमच्या पिण्यामुळे तुम्हाला किंवा दुसऱ्या कुणाला लागलं का. वर्षभरात लागलं असेल तर चार गुण. हा चांगला प्रश्न आहे, पण मुलं ‘लागलं’ म्हणजे टाके पडले असं धरतात. दात तुटला, पाय मुरगळला, मित्राशी हाणामारी झाली, हे त्यांच्या मोजणीत नसतं. विचारून घ्यावं लागतं.

दहावा प्रश्न मात्र तरुणांवर वाया जातो असं माझं मत झालं आहे. नातेवाईक, मित्र किंवा डॉक्टर यांनी काळजी व्यक्त केली का? घरच्यांना माहीत नसतं, डॉक्टरांकडे जायची वेळ आलेली नसते आणि मित्र सोबत बसलेले असतात. शून्य येतो आणि तो शून्य काहीच सांगत नाही. त्याऐवजी मी विचारते, तुझ्या वयाची बाकीची मुलं किती पितात असं तुला वाटतं? इथे जवळजवळ सगळे जास्तच सांगतात. १९८६ मध्ये वेस्ली पर्किन्स आणि ॲलन बर्कोवित्झ यांनी विद्यार्थ्यांमध्ये हेच दाखवलं होतं: आपले सोबती जितकं पितात त्याहून जास्त पितात असा मुलांचा समज असतो, आणि त्या समजाच्या मापाने ती स्वतःचं पिणं नेहमीचं ठरवतात. खोलीत जो सगळ्यांत जास्त पितो त्याच्याच गोष्टी दुसऱ्या दिवशी फिरतात. जो एका ग्लासवर थांबला किंवा ज्याने घेतलीच नाही, त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही.

चाचणी दोन गोष्टी विचारतच नाही, आणि त्याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं. पहिली, का पितोस? माझ्यासमोर बसलेला एक तरुण रोज रात्री झोपण्याआधी एकटा बसून दोन ड्रिंक्स घेत होता. पहिल्या प्रश्नाला चार गुण, बाकी सगळे शून्य, बेरीज चार. कागदावर तो माझ्या त्या आठवड्यातल्या मुलांत सर्वांत सुरक्षित दिसत होता. पण त्याला दारूशिवाय झोप येत नव्हती, आणि झोप न येण्याचं कारण त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. पिण्याची कारणं संशोधक साधारण चार प्रकारांत मांडतात: सोबतीसाठी, मजेसाठी, गटात सामावून जाण्यासाठी, आणि दुःख, भीती, ताण बुडवण्यासाठी. या चौथ्या कारणाने पिणाऱ्यांचे त्रास सर्वांत जास्त असतात, प्यायलेलं प्रमाण कमी असलं तरीही. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती मोडते आणि सकाळी अस्वस्थता आणखी वाढते. मग रात्री पुन्हा तीच बाटली जवळची वाटते.

दुसरी न विचारलेली गोष्ट: तुला किती घेतल्यावर चढते? ज्याला पचते त्याला मित्रमंडळात मान असतो, आणि घरी पोचवायची जबाबदारीही त्याच्यावरच टाकतात. मार्क शुकिट यांनी विशीच्या आसपासच्या तरुणांना मोजून दारू देऊन त्यांचा प्रतिसाद नोंदवला आणि बऱ्याच वर्षांनंतर त्यांना परत गाठलं. ज्यांना त्या वयात कमी चढत होती, त्यांच्यातच पुढे दारूचं व्यसन जास्त आढळलं. सरळ आहे, ज्याला शरीर थांबायची खूण देत नाही तो पीत राहतो. व्यसनाच्या धोक्यात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे निम्मा धरला जातो. म्हणून मी घरात कुणाला हा त्रास होता का हेही विचारते, आणि ‘मला काहीच होत नाही’ म्हणणाऱ्या मुलाकडे जास्त लक्ष देते.

पर्यायांबद्दल थोडक्यात. ऑडिटचे पहिले तीनच प्रश्न घेऊन केलेली छोटी आवृत्ती गर्दीच्या दवाखान्यात ठीक आहे, पण तिच्यात आठवा प्रश्न नाही, म्हणून मी ती एकटी वापरत नाही. २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेतले दारूच्या व्यसनाचे अकरा निकष निदानासाठी आहेत, ते तज्ज्ञांनीच लावावेत. त्यातला ‘आता तेवढीच चढायला जास्त लागते’ हा निकष तर या वयात फार जणांना लागू पडतो. फोनवर ही चाचणी घेणारी ॲप्स आणि पानं आहेत. त्यांतली काही शेवटी हिरवा, पिवळा किंवा लाल रंग दाखवून थांबतात. हिरवा रंग बघून निश्चिंत झालेली मुलं माझ्याकडे आली आहेत. वापरायचंच असेल तर दहाही उत्तरं वेगवेगळी दिसतील असं निवडा.

कागदावर २० किंवा त्याहून वरचा आकडा आला, किंवा सहाव्या प्रश्नात, म्हणजे सकाळी प्यावी लागते का यात गुण पडले, तर ‘आजपासून बंद’ असा सल्ला कुणी देऊ नये. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवली तर पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भ्रम, ताप, प्रचंड थरथर अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. हे तरुणांमध्ये कमी दिसतं, पण दिसतं. अशा वेळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं देऊनच थांबवायचं असतं.

बाकीच्यांशी कागद भरून झाल्यावर मी उपदेश करत नाही. ‘यातलं कुठलं उत्तर लिहिताना तुझं पेन थांबलं?’ एवढंच विचारते. बहुतेकांना ते नेमकं सांगता येतं, आणि ते उत्तर मी मनात धरलेल्या प्रश्नाहून पुष्कळदा वेगळं निघतं. अशा छोट्या संवादांचा परिणाम फार मोठा नसतो आणि काही महिन्यांत ओसरतो, हे खरं आहे. पण तो असतो. तिशीकडे जाताना बरीच मुलं आपोआप कमी पिऊ लागतात हेही खरं. तोवरची वर्षं धडपणे पार पडावीत एवढ्यासाठी ही मेहनत मला करावीशी वाटते.

एक शेवटची सूचना, ही चाचणी पाठपुराव्यासाठी वापरणाऱ्यांना. तिचे बहुतेक प्रश्न गेल्या वर्षभराबद्दल आहेत, त्यामुळे तीन महिन्यांपूर्वी पिणं निम्म्यावर आणलेल्या मुलाचीही बेरीज जवळपास तीच येते आणि तो हिरमुसतो. मी दुसऱ्या खेपेला फक्त पहिले तीन आणि आठवा प्रश्न विचारते, ‘आपण मागे भेटलो तेव्हापासून’ असं म्हणून. त्याचे गुण काढत नाही, आधीच्या कागदाशेजारी नुसती उत्तरं लिहिते. पूर्ण चाचणी वर्षाने पुन्हा.